खालच्या कोपऱ्यातला दगड

टेपाची वाडी, वैशाखरे
५ मे

नेहा,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. सातवी झाल्यापासून मी एवढं कधी लिहिलं नाय. माझे श्रम तरी फुकट घालवू नको.

राही बरी हाय. खालचे दोन दात दिसायला लागले. बाटलीनं दूध पिते. आधी थुंकायची, आता घेते. दिवसाचं काय नाय, सांज झाली की मात्र दाराकडं बघते आणि रडते. मग मी तिला खांद्यावर टाकून दारापुढच्या खळ्यात फिरवते. तसं पण मला कुठं एका जागी बसवतं? अख्ख्या वाडीला ठाऊक हाय, गिरजा उभ्यानं जेवते.

प्रणित सांजेला तुला फोन लावून देतो, तेव्हा तू राहीला बघतेस. माझं तोंड दिसलं की फोन खाली ठेवतेस. मग मी बोलू कुठं? म्हणून लिहिते. हे पत्र भगीरथ तुला शहापूरला आणून देईल. मुरबाड-शहापूर गाडीवर कंडक्टर हाय तो, माझ्या माहेरचा.

झालं ते झालं. शेतात भाजायला रचलेला राब पेटला, धाकलूभावजींची पेंढ्याची उडवी जळली, कुणाचा जीव गेला नाय हे नशीब म्हणायचं. मी तेव्हा विहिरीवर होते, तुला ठाऊक हाय. लोक धावत आले तर तू केस मोकळे, पाय अनवाणी, हातात पेटता टहाळा, आणि घरात पोर एकटी पाळण्यात. मग लोक काय बोलणार? लोकांच्या तोंडाला कुणी हात लावलाय? येडी झाली म्हणाले, आणि प्रणितनं पोर ठेवून घेऊन तुला माहेरी धाडली. दोन दिवस बोलतील आणि विसरतील.

तुझ्या त्या गोळ्या मी चुलीत टाकल्या त्याचा राग धरू नको. तुझ्या भल्यासाठीच टाकल्या. दुधातनं पोरीच्या पोटात जातात. आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या? प्रणित झाला तेव्हा मला पण सारखं रडू यायचं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. सासू म्हणाली, "हात चालले की डोकं गप बसतं." दीड महिन्याची बाळंतीण मी, लावणीला चिखलात उभी केली मला. मेले का मी?

प्रणितनं ३१ तारखेला, रविवारी, बैठक लावलीय. तुझे बाबा येतील, आपली चार माणसं बसतील. काडीमोड करायची आणि राहीला इथंच ठेवायची, असं त्यानं मनात धरलंय. म्हणतो, आग लावणाऱ्या बाईच्या हातात पोर कशी देऊ? मी समजावते त्याला. पण तू पण जरा पडतं घे. "माझं चुकलं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं" एवढं बाबांकडून सांगायला लाव. एवढ्यानं तुझं काय जातं?

तुझी सासू,
गिरजा

टेपाची वाडी
१२ मे

नेहा,

भगीरथ म्हणाला, वहिनीनं पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि आत जाऊन हे आणून दिलं. हे म्हणजे तुझ्या हिरव्या साडीचा तुकडा. मी हातात घेऊन बघत बसले, आता याचं काय करायचं? राहीच्या हातात दिला तर तिनं तोंडावर ओढला आणि दोन तास निजली. पोरीला कशी पटकन झोप येते. जाऊ दे.

निरोप पण मिळाला तुझा. "चुकलं म्हणणार नाय. चूक कुणाची ते आत्यांना माहीत हाय." आत्यांना, म्हणजे मला. असले निरोप कंडक्टरच्या तोंडी देऊ नको गो बाई. तो तिकिटासोबत अख्ख्या गाडीला वाटतो.

तीन दिवस तो निरोप डोक्यात फिरतोय. पाणी भरते तरी तोच, भाकरी थापते तरी तोच. काल तर तवा नुसताच तापत ठेवला आणि पीठ भिजवायला विसरले.

ऐक. विहिरीवर मी सकाळी आठला गेले होते. ते खोटं नाय. पण आग लागली तेव्हा मी विहिरीवर नव्हते.

राब मी पेटवला.

तू जवळपास पण नव्हतीस. तू शहापूरच्या बाजारात वाढलेली, राब म्हणजे काय हे तुला लग्नानंतर मी सांगितलं. शेण पसरायचं, त्यावर टहाळ, त्यावर वाळल्या पानांचा पातेरा, वर माती, आणि सगळं भाजायचं. भाजल्या जागी भाताचं रोप चांगलं येतं, तण माजत नाय. आणि भाजायचं ते वारा पडल्यावर, सांज धरून. हे वाडीतल्या शेंबड्या पोराला पण कळतं. मी तो अकरा वाजता पेटवला. भर उन्हात.

कारण मला बसवत नव्हतं. तीन वेळा खळं झाडून झालं. घासलेली भांडी परत घासली. छातीत असं होत होतं, कुणी आत बसून उखळात कांडतंय. समोर राब रचून तयार, सगळं कोरडं ठणठणीत, आणि सांज व्हायला सात तास. सात तास मी काय करणार होते, सांग.

मग गेले खालच्या कोपऱ्यात. तुझे मामा, प्रणितचे वडील, होते तोवर राब तेच पेटवायचे. त्याच कोपऱ्यात उकिडवे बसून तंबाखू मळायचे, मग काडी ओढायचे. ते गेल्यापासून दर साली मी तिथं एका चपट्या दगडाखाली तंबाखूची चिमट ठेवते, हात जोडते आणि मगच पेटवते. कुणाला सांगितलं नाय कधी, लोक हसतील. त्या दिवशी पण ठेवली. मग पेटवला.

आणि नंतर कशाला तरी घरी आले, तेवढ्यात वारा फिरला. बस, एवढंच. कुणाकडून पण होतं असं.

हे प्रणितला सांगू नको. मी सांगीन. वेळ बघून सांगीन.

गिरजा

टेपाची वाडी
१८ मे

नेहा,

आज माझं टाळकं फिरलंय. दवाखान्याची आशाताई आली होती, रुपा. राहीचं वजन करायला म्हणून आली आणि मलाच तोलायला बसली.

विचारते, "मावशी, नेहावहिनीच्या गोळ्या चालू हायत ना?" मी म्हटलं, चुलीत टाकल्या. तर म्हणते, "अशा गोळ्या एकदम थांबवल्या की बाई जास्त घाबरी होते. हात कापतात, जीव थाऱ्यावर राहत नाय. डॉक्टरबाईंनी तिच्या अंगावर पोर पितेय हे बघूनच दिल्या होत्या. तुमी कुणाला विचारून टाकल्या?"

मी म्हटलं, तू कालची पोरगी, मला बाळंतपणं शिकवू नको.

तिनं राहीला काट्यावरनं उतरवलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणते, "मावशी, तुमी शेवटच्या कधी निजलात?"

हाकलून दिली मी तिला. चहा पण विचारला नाय. आता वाईट वाटतंय. उन्हातनं आलेली पोर, चहा तरी द्यायचा होता.

ती गेल्यावर मी खरंच आठवत बसले, कधी निजले. तुझे मामा गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासनं डोळा लागतो न लागतो तोच उघडतो. आधी वाटायचं दुःख हाय, जाईल. मग वाटलं वय हाय. मग सवय झाली. सगळे म्हणतात, गिरजाला कामाची हौस, चार वाजता उठून तिचा सडा झालेला असतो. हौस! उठते कुठली? निजलेलीच नसते तर उठणार काय? आणि खरं सांगू, त्याच्या पण आधीपासनं माझ्यात काय तरी हाय. प्रणितच्या वेळचं ते कधी पुरतं गेलंच नाय. मी थांबले की ते मला गाठतं, म्हणून मी थांबत नाय.

आता लिहायला घेतलंय तर लिहूनच टाकते. मागाहून माझा धीर होणार नाय.

तुझ्या गोळ्या चुलीत गेल्या नायत. मी खाल्ल्या.

तुझ्या डब्यातनं पाकीट काढलं ते टाकायलाच काढलं, देवाशपथ. पण तू अर्धी गोळी घेऊन निजायचीस तेव्हा मी तुला बघत राहायचे. तोंड उघडं, हात सैल, लहान पोरीगत. मला तुझ्या झोपेचा हेवा वाटायचा गो. सासूला सुनेच्या झोपेचा हेवा, ऐकलंयस का कुठं? म्हटलं एक अर्धी घेऊन तर बघू. घेतली. दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवलेला मला ऐकूच आला नाय. मग रोज घ्यायला लागले. मग अर्धीनं भागेना, अख्खी घ्यायला लागले. नऊ गोळ्या होत्या.

तू विचारायचीस, "आत्या, माझ्या गोळ्या बघितल्या का?" मी म्हणायचे चुलीत टाकल्या, आणि पाकीट माझ्या कमरेच्या चंचीत असायचं. परत शहापूरला नेऊन दुसऱ्या आणू नको, दूध आटेल, असं प्रणितला पण मीच पढवलं. तू दिवसादिवसाला वाळत चाललेली. राहीला उचलताना तुझे हात कापायचे, मला म्हणायचीस, "आत्या, तुमी घ्या तिला, माझ्या हातनं पडेल." मला सगळं दिसत होतं. दिसत होतं आणि मी निजत होते.

तू रांड म्हण, भवानी म्हण, काय पण म्हण. ऐकून घेईन.

गिरजा

टेपाची वाडी
२६ मे

नेहा,

रविवार पाच दिवसांवर आला. तू उत्तर पाठवलं नायस, निरोप पण नाय. भगीरथला विचारलं, वहिनी काय म्हणाली? तो म्हणाला, "काय नाय. वाचून झाल्यावर पायरीवर बसली, आणि मला गाडीची घंटा मारायची होती." बरं केलंस नाय बोललीस ते. माझं अजून शेवटचं राहिलंय.

मी म्हटलं ना राब पेटवून घरी आले? नाय आले.

आदल्या रात्री अख्खी गोळी घेतली होती ती लागलीच नाय. सकाळी छातीतलं कांडण थांबेना म्हणून चुलीपाशी अजून एक घेतली. शेवटची होती. तरी काय फरक वाटेना. मग राब पेटवला आणि ऐनाच्या झाडाच्या सावलीत राखणीला गेले. राखणदारानं बसायचं नसतं, ओला टहाळा हातात घेऊन आगीभोवती फिरायचं असतं. मी जरा टेकले. आणि मेली ती गोळी तेव्हा लागली.

कशी झोप होती म्हणून सांगू! आईनं मांडीवर घ्यावं तशी. मला त्या झोपेची लाज वाटते, आणि परत तशीच एकदा मिळावी असं पण वाटतं. दोन्ही खरं हाय. तुझ्यापासनं आता काय लपवू?

जाग आली ती तुझ्या ओरडण्यानं. "आत्या उठा! आत्या, आग!" तुला घरातनं धूर दिसला, मी तिकडं हाय हे तुला ठाऊक, म्हणून तू पाळण्यात पोर टाकून अनवाणी पळत आलीस. माझ्या काखेत हात घालून मला ओढलंस. माझ्या लुगड्याचा काठ पेटलेला, तो तू पायानं विझवलास. तुझ्या तळपायाला फोड आले असतील, कुणी बघितलं पण नाय. मग तू टहाळा तोडून एकटी धाकलूभावजींच्या उडवीकडं पळालीस. चोळी दुधानं भिजलेली तुझी, केस सुटलेले. झोडपत होतीस आगीला. जमणार होतं का एकटीला?

आणि मी काय केलं? मी विहिरीकडं चालत गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

लोक आले तेव्हा धाकलूभावजींनी विचारलं, "राब कुणी पेटवला?" तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "आत्यांना विचारा." सगळे माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "मला काय म्हाईत? मी विहिरीवर होते."

तू म्हणालीस, "आत्या झोपल्या होत्या तिथं." तर लोक हसले. भर आगीत हसले, आठवतंय ना? "गिरजा आणि झोप?" म्हणाले. तिथंच तू येडी ठरलीस. खरं बोललीस म्हणून.

का केलं असं विचारशील तर सांगते, माफी मागत नाय. माझी सावळीमावशी होती. तिला असंच काय तरी झालं, बसायची नाय, निजायची नाय, बडबडायची. गोठ्याच्या खांबाला बांधली होती तिला. मी आठ वर्षांची, तिला पेज द्यायला जायचे. तिच्या मनगटाला दोरीचे वळ होते, आणि ती मला म्हणायची, "गिरजे, तू कुणाला सांगू नको हां तुला काय होतं ते." मला तेव्हा काय होतच नव्हतं. तरी मी कुणाला सांगितलं नाय, आजपर्यंत. लोक "राब कुणी पेटवला" विचारत होते आणि मला तो खांब दिसत होता. तिथं मी तुला उभी केली. माझ्या जागी तुला.

रविवारी बोलीन असं वाटतं. पण माझा भरवसा धरू नको. चार माणसांपुढं माझी जीभ कशी वागेल ते मलाच ठाऊक नाय. म्हणून हे सगळं लिहून ठेवते. मी गप राहिले तर हे पत्र बाबांना दाखव, प्रणितला दाखव, तलाठ्याला दाखव. अक्षर माझंच हाय, कुणी पण ओळखेल.

गिरजा

टेपाची वाडी
१ जून

नेहा,

राही पोचली ना? बाबांच्या मांडीवर निजली का गाडीत? ती खिडकीशी बसली की वाऱ्यानं ओकते, मी सांगायला विसरले.

बाबांनी तुला सांगितलंच असेल. पण ते सगळ्यांत मागं बसले होते, त्यांना अर्धंच ऐकू आलं. मी पुरतं सांगते.

देवळापुढं बसले सगळे. पुरुष सतरंजीवर, बाया पायऱ्यांवर. तुला बोलावलंच नव्हतं, बाईचं काय काम म्हणे. बाईचाच निवाडा आणि बाईचं काय काम! प्रणित बोलला. चांगलं बोलतो मेला, कंपनीत शिकलाय. आग, पोर एकटी, गोळ्या, सगळं एकापुढं एक लावलं. तुझे बाबा खाली मान घालून दोरा उसवत होते सतरंजीचा.

मी उठले. जीभ टाळूला चिकटलेली. शेवटी मी चंचीतनं ते रिकामं पाकीट काढलं आणि मधोमध टाकलं. म्हटलं, "ह्या गोळ्या मी खाल्ल्या. राब मी पेटवला. आणि मी झोपले. नेहानं मला ओढून काढली."

आणि काय झालं असेल, सांग बघू?

कुणाला पटलंच नाय! एक म्हातारा म्हणतो, "बघा, सासू असावी तर अशी. सुनेचं पाप पदरात घेते." बायांनी डोळ्याला पदर लावले. मला हात धरून खाली बसवायला लागले. "गिरजाबाई, तुमचं मन मोठं हाय, पण इथं पोरीचा प्रश्न हाय." अगो, माझ्या अंगाची लाही झाली. महिनाभर खोटं बोलले ते सगळ्यांनी एका घोटात गिळलं, आणि आता खरं बोलते तर माझी आरती ओवाळतात!

मी ओरडले मग. देवळापुढं कधी कुणी बाई ओरडली नसेल तशी. म्हटलं, "जा! राबाच्या खालच्या कोपऱ्यातला दगड उचला. खाली तंबाखू असेल. प्रणितच्या बापाची चिमट. ती ठेवल्याबिगर मी राब पेटवत नाय, आणि हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाय. नेहाला पण नाय."

दोन पोरं उठली बघायला. तेवढ्यात धाकलूभावजी म्हणाले, "बसा. जायला नको."

दोन्ही पोरं परत सतरंजीवर टेकली.

"तो दगड मी दुसऱ्याच दिवशी उचलला," म्हणाले. "तंबाखू भाजून काळी झालेली. दादा तिथंच बसायचा. तिथं वहिनीशिवाय कोण ठेवणार?"

तुझ्या बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मग बोलला का नाय तुमी?"

धाकलूभावजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "वहिनी विधवा बाई, एकटी. तिची शोभा कशी करू? पोरगी काय, माहेरी जाईल, बरी होईल, असं वाटलं." ज्याची उडवी जळली तो माणूस हे बोलला. मला त्याचा गळा धरावासा वाटला, पण कुठल्या तोंडानं धरू? मी पण तेच केलं. तू बाहेरून आलेली, तुझ्यावर ढकलणं सगळ्यांना सोपं गेलं.

काडीमोडीचं कुणी परत काढलं नाय. माणसं पायात चपला घालायला लागली, जशी काय कीर्तनातनं उठली. मी घरी आले आणि राहीची पिशवी भरली. झबली, बाटली, तुझा हिरवा तुकडा. बाबांच्या हातात पोर दिली आणि म्हटलं, "तिच्या आईकडं द्या." पोर माझ्या पदराला धरून होती, तिची बोटं एक एक करून सोडवावी लागली. सोडवली.

प्रणित ओट्यावर बसून होता. मला म्हणतो, "म्हणजे आई, तू पण..." आणि पुढचा शब्द गिळला. मी म्हटलं, बोल की. बायकोला म्हणताना बरा तोंडातनं निघत होता. मग रडला तो. मी जवळ घेतला नाय. माझ्यात तेवढं नव्हतं काल.

रुपा येऊन गेली. आज चहा दिला. गुरुवारी शहापूरला दवाखान्यात तुझ्या त्या डॉक्टरबाई असतात म्हणाली. मी जाणार हाय. तू पण त्याच दिवशी जातेस असं तिच्याकडनं कळलं. माझ्याशी बोलू नको. तोंड फिरव. मी फक्त माझ्या रांगेत उभी राहीन.

गिरजा

टेपाची वाडी
५ जून

नेहा,

तुला सगळं ठाऊक हाय, तू तिथंच होतीस. तरी लिहिते. माझ्या बाजूनं कसं होतं ते तुला ठाऊक नसेल.

प्रणितनं मला गाडीवरनं फाटकापर्यंत सोडली. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. तुला तोंड कसं दाखवू म्हणे. बस म्हटलं मग बाहेर उन्हात, तापू दे तुझं डोकं.

तू दोन बाकडी पुढं होतीस. राहीनं मला बघितलं आणि हात केले. तू तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलीस. मी भिंतीवरचं लसीचं चित्र बघत बसले. तीस वेळा वाचलं ते. तीनदा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पळून जावं असं वाटत होतं. नाव पुकारलं तेव्हा पण मी उठले ती दाराकडंच वळले होते, तू बघितलंस का?

सिस्टर म्हणाली, "सोबत कोण हाय?"

मी म्हणायला तोंड उघडलं, कुणी नाय. आणि मागनं आवाज आला, "मी."

बस, एवढंच बोललीस. माझ्याकडं न बघता माझ्या पुढनं आत गेलीस.

डॉक्टरबाईंनी विचारलं काय होतं, तर मी आपली सवयीनं म्हणते, "काय नाय, जरा झोप कमी." तर तू राहीला या कमरेवरनं त्या कमरेवर घेत म्हणालीस, "अकरा वर्षं झोप नाय. बसत नाय, उभ्यानं जेवतात. आणि माझ्या नऊ गोळ्या यांनी खाल्ल्या." अगो बाई! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि हसू पण आलं, खरं सांगते. अख्ख्या बैठकीला जे पटलं नाय ते तू एका दमात सांगून मोकळी झालीस.

बाईंनी आधी मला चांगली झापली. दुसऱ्याचं औषध खाल्लं, आगीत जीव गेला असता म्हणाल्या. मग विचारत बसल्या. किती वर्षं, कधीपासनं, प्रणितच्या वेळी काय झालं, पोटात भीती वाटते का, जगणं नको होतं का कधी. मला एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. शेवटच्या प्रश्नाला मी "हो" म्हटलं. ते मी आधी स्वतःला पण सांगितलं नव्हतं. तू तेव्हा माझ्याकडं बघितलंस. आगीच्या दिवसानंतर पहिल्यांदा. मग मला रडू आवरेना. तू पुसायला रुमाल दिला नायस. बरं केलंस, दिला असतास तर मी तिथंच तुझ्या पायावर पडले असते, आणि सगळा दवाखाना जमा झाला असता.

स्टँडवर तू एकच वाक्य बोललीस. "माझ्या डब्यात परत हात घालायचा नाय."

नाय घालणार. माझ्या गोळ्या रुपाकडं ठेवल्यात. ती रोज सांजेला येणार, अर्धी काढून हातावर ठेवणार, माझं तोंड उघडून बघणार, जशी काय मी राही.

तू कधी येशील, येशील का, ते मी विचारत नाय. प्रणित विचारायला येईल. त्याला लगेच हो म्हणू नको. चांगला रगड. पाण्याचा तांब्या पण मागून घेऊ दे त्याला.

पेरे आलेत. राबाचा अर्धाच तुकडा नीट भाजलाय, बाकीच्यात तण येणार. येऊ दे. उपटू.

काल पहिली अर्धी घेतली. जाग आली तर ऊन घरात आलेलं. धडपडत उठले, तोंड पण धुतलं नाय, तशीच पळत खालच्या कोपऱ्यापर्यंत गेले. काय जळलं नव्हतं. धाकलूभावजींच्या कोंबड्या चरत होत्या. मी तिथंच त्या दगडावर बसले, बराच वेळ.

गिरजा